वाचवलेल्या पैशाचे हक्कदार

दर्स-ए-कुरआन : सूरह बनी इसराईल, आयत २६ ते २९

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी आहे, जो साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे. जो ज्याला इच्छितो त्याला विपुल उपजीविका देतो, ज्याला इच्छितो त्याला मोजूनमापून देतो आणि दोघांचीही परीक्षा घेतो. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि त्यांच्या सर्व सहाबांवर.



सूरह बनी इसराईल मक्केत अवतरली. तिच्या २३ व्या आयतीपासून ३९ व्या आयतीपर्यंत मुस्लिम समाजाच्या जीवनाची पायाभूत तत्त्वे क्रमाने सांगितली आहेत. प्रथम एका अल्लाहची उपासना, त्यानंतर आई-वडिलांशी सद्वर्तन आणि लगेच तिसऱ्या स्थानी पैशाचा खर्च. आजच्या दर्ससाठी यातील चार आयती निवडल्या आहेत. त्यांचा आशय असा : पहिल्या आयतीत आदेश आहे की नातेवाइकाला त्याचा हक्क द्यावा, गरजूला आणि वाटसरूलाही द्यावा आणि संपत्तीची उधळण करू नये. दुसऱ्या आयतीत उधळण करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे व सैतान आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न असल्याची आठवण दिली आहे. तिसऱ्या आयतीत सांगितले आहे की देण्यासारखे हाती काही नसेल आणि अल्लाहच्या कृपेची वाट पाहत असताना हक्कदारांपासून तोंड वळवावे लागले, तर त्यांच्याशी सौम्य शब्द बोलावा. चौथ्या आयतीत ताकीद आहे की हात मानेला बांधूनही ठेवू नये आणि इतका सैलही सोडू नये की शेवटी निंदा पदरी पडून हतबल होऊन बसावे लागेल.

बाजारहाट कसा करावा, सणासुदीची खरेदी किती करावी, सुट्टीचा प्रवास कसा आखावा, या गोष्टी आपण दुनियादारीच्या समजतो आणि दीनच्या गोष्टी वेगळ्या समजतो. या चार आयती ती भिंत पाडून टाकतात.

आदेशांचा क्रम

पहिल्या आयतीचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. उधळपट्टीची मनाई स्वतंत्रपणे आलेली नाही. आधी तीन हक्कदारांची नावे आली : नातेवाईक, गरजू आणि वाटसरू. त्यानंतर, त्याच आयतीत, उधळू नका असा आदेश आला. याचा अर्थ असा की उधळपट्टी केवळ आपल्या खिशाचे नुकसान करते म्हणून निषिद्ध नाही. जो पैसा आपण वाया घालवला त्यात दुसऱ्या कोणाचा तरी हक्क होता, म्हणून ती निषिद्ध आहे. कुरआनने येथे ‘दान’ हा शब्द वापरलेला नाही, ‘हक्क’ हा शब्द वापरला आहे. दान न दिल्याने आपण फार तर एका पुण्याला मुकतो. हक्क न दिल्याने आपण देणेकरी ठरतो.

याच कारणाने मुस्लिमाची काटकसर ही दुनियेतल्या इतर काटकसरीहून वेगळी असते. व्यापारी जाहिरात म्हणते, वाचवा, म्हणजे आणखी खरेदी करता येईल. कृपण म्हणतो, वाचवा, म्हणजे ढीग वाढेल. कुरआन म्हणतो, वाचवा, कारण त्या पैशाचे हक्कदार वाट पाहत आहेत. ज्या बचतीचा हक्कदार ठरलेला नाही, ती बचत अर्धवट आहे.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त एक प्रसंग आला आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन जात असताना हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना विचारले, हे काय आहे? खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे मांस घेतल्याचे त्यांनी सांगितले. मांस हलाल होते, पैसा हलाल होता, रक्कमही किरकोळ होती. तरीही हजरत उमर (रजि.) यांनी विचारले की शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी आपल्या पोटाला थोडा चिमटा घ्यावा असे तुमच्यापैकी कोणाला वाटत नाही काय? मांस खाणे हराम आहे असे त्यांनी म्हटले नाही. इच्छा झाली की खरेदी, या सवयीवर त्यांनी बोट ठेवले आणि बचतीबरोबर तिचे हक्कदारही सांगितले : शेजारी आणि चुलतभाऊ.

‘तब्जीर’ म्हणजे काय?

उधळपट्टीसाठी या आयतीत ‘तब्जीर’ हा शब्द आला आहे. तो ‘बज्र’ म्हणजे बियाणे या शब्दाशी संबंधित आहे. बी मुठीत घेऊन भिरकावून देणे, विखरून टाकणे, असा त्याचा मूळ भाव आहे. आपल्या रायगडच्या भातशेतीत हा शब्द समजावून सांगण्याची गरज पडू नये. राब भाजून तयार केलेल्या तुकड्यात बी पेरले, तर त्याचे रोप होते, लावणी होते आणि दिवाळीच्या सुमारास कणगी भरते. तेच बी बांधावर किंवा रस्त्यावर भिरकावले, तर पाखरे टिपतात आणि पावसाचे पाणी वाहून नेते. बी दोन्हीकडे तेच, मूठही तीच; फरक आहे तो फक्त जागेचा.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी तब्जीरचा अर्थ सांगितला की हक्क नसलेल्या जागी खर्च करणे. इमाम मुजाहिद यांच्या मते एखाद्याने आपली सर्व संपत्ती रास्त जागी खर्च केली तरी ती उधळपट्टी नव्हे आणि मूठभर धान्य जरी नाहक खर्चले तरी ती उधळपट्टी आहे. म्हणजे रकमेच्या लहान-मोठेपणावर निर्णय होत नाही, जागेवर होतो. याच्या जोडीला ‘इस्राफ’ हा दुसरा शब्द कुरआनात येतो. त्याचा अर्थ रास्त जागीही मर्यादेपलीकडे जाणे. सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि इस्राफची मनाई एकाच ठिकाणी आली आहे. ईदचे कपडे घेणे रास्त आहे. एका लेकरासाठी पाच जोड घेणे इस्राफ आहे. शेजारच्या घरापेक्षा आपला जोड भारी दिसावा म्हणून घेणे तब्जीर आहे.

परदेशाची कमाई आणि सुट्टीचा महिना

आता या आयतींच्या प्रकाशात आपण आपल्या किनाऱ्याकडे पाहू. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील कित्येक मुस्लिम घरांची चूल बाहेरगावच्या कमाईवर पेटत आली आहे. पूर्वी आपले वडीलधारे मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींवर खलाशी होते. १९७३ नंतर आखाती देशांत तेलाच्या पैशाने कामे निघाली आणि तरुणांचा ओघ दुबई, कुवेत, कतार, सौदी अरबकडे वळला. मोहल्ल्यातील पक्की घरे, मशिदींचे मजले, शाळांच्या खोल्या यांत त्या घामाचा वाटा आहे. त्याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

परंतु त्या कमाईची किंमत केवळ दिरहम-रियालमध्ये मोजता येत नाही. बापाच्या आजारपणात मुलगा जवळ नाही, लेकराचे पहिले पाऊल पित्याने मोबाईलच्या पडद्यावर पाहिले, पत्नीने वर्षामागून वर्षे एकटीने घर सांभाळले. अशी किंमत मोजून जमवलेला पैसा सुट्टीच्या एका महिन्यात कसा जातो, हे प्रत्येक घराने स्वतःशी तपासावे. निघण्याआधी तिकडच्या बाजारातून प्रत्येकासाठी अत्तर, घड्याळ, मोबाईल, ब्लँकेट. वजन वाढले म्हणून विमान कंपनीला जादा सामानाचे पैसे. सर्वांच्या सुट्ट्या एकाच वेळी, म्हणून तिकीट वर्षातल्या सर्वांत महाग दिवसांचे. घरी आल्यावर मुंबईत खरेदीच्या दोन-तीन फेऱ्या, खास गाडी, हॉटेल, नातलगांच्या मेजवान्या, एखाद्या लग्नाचा बस्ता आणि आहेर. आणि परत जाताना? परत जाताना हाती राहते ती उसनवारी. मग जो करार दोन वर्षांचा होता तो चार वर्षांचा होतो. उधळलेल्या पैशाची परतफेड शेवटी आई-वडिलांच्या आणि लेकरांच्या वाट्याच्या दिवसांनी होते. चौथ्या आयतीत जो हतबल होऊन बसलेला माणूस दाखवला आहे, तो आपल्याला अनोळखी नाही.

नम्र नकाराची मुभा

या घरांत सर्वांनाच चैनीची हौस असते असे नाही. पुष्कळांचा खर्च हौसेपेक्षा संकोचाने होतो. परदेशातून आलेला माणूस रिकाम्या हाताने भेटला तर लोक काय म्हणतील? मावशीला दिले आणि आत्याला दिले नाही तर ती रुसेल. ‘तुमच्याकडे काय कमी आहे’ या एका वाक्यापुढे कमावता मुलगा निरुत्तर होतो आणि कर्ज काढून भेटवस्तू वाटतो.

तिसरी आयत नेमकी या माणसासाठी आहे. हाती नसेल तर सौम्य शब्द बोलावा, असे सांगून अल्लाहने नकार देण्याची मुभा दिली आहे आणि नकाराची रीतही शिकवली आहे. कर्ज काढून द्या, असे अल्लाहने सांगितलेले नाही. खोटे कारण सांगा असेही सांगितलेले नाही. ‘या खेपेस जमले नाही, अल्लाहने दिले तर पुढच्या खेपेस आणीन, माझ्यासाठी दुआ करा’, एवढे हसतमुखाने म्हणणे हे या आयतीचे पालन आहे. या आदेशाची दुसरी बाजू नातेवाइकांनी ध्यानात घ्यावी. सौम्य शब्द बोलणाऱ्याचा शब्द सौम्यपणे ऐकून घेणे, त्याच्या पिशवीकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे, हे आपले कर्तव्य आहे. नातेवाइकाचा हक्क म्हणजे अत्तराची बाटली नव्हे. वृद्ध काकाचे औषध, विधवा बहिणीचे वीजबिल, भाच्याची शाळेची फी हे खरे हक्क आहेत आणि भेटवस्तूंच्या गर्दीत नेमके तेच राहून जातात.

येथे कर्जाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शहीदाचे सर्व गुन्हे माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्याची ही स्थिती असेल, तर सणाच्या खरेदीसाठी कर्ज डोक्यावर घेणाऱ्याने किती विचार करावा! आज मोबाईलवर बोट ठेवताच ‘आता घ्या, नंतर फेडा’ अशी सोय मिळते. क्रेडिट कार्डाची मुदत चुकली की त्यावर व्याज चढू लागते. हप्ता लहान दिसतो म्हणून वस्तू स्वस्त होत नाही. ज्या हप्त्यात व्याज आहे त्या हप्त्यात बरकत नाही. आणि व्याज किती आहे हे समजल्याशिवाय सही करू नये.

आगोटीची शिकवण

मग खर्च कसा करावा? यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर आगोट भरण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मग शहाणी गृहिणी मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा, सोडे उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरते, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगते, तांदूळ, मिरची, चिंच, कोकम यांची बेगमी करते. वस्तू मुबलक आणि स्वस्त असताना घ्यायची, टिकेल अशी ठेवायची आणि तुटवड्याच्या दिवसांत हात पसरायचा नाही, हे तिचे शास्त्र आहे. यात कंजुषी नाही आणि उधळपट्टीही नाही.

हीच हिकमत सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांच्या तोंडी आली आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पिकलेले धान्य, खाण्यापुरते थोडे वगळून, कणसातच राहू द्यावे, म्हणजे दुष्काळाच्या सात वर्षांत ते उपयोगी पडेल, हा सल्ला त्यांनी दिला. अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्या पैगंबराने कोठारही भरले. तवक्कुल आणि नियोजन यांत विरोध नाही.

ही आगोटीची दृष्टी आपण सणाला आणि प्रवासाला लावली पाहिजे. ईद अचानक येत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे पुढील वर्षीची ईद कोणत्या सुमारास येईल हे आजच, एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकाने, सांगता येते. तरीही रमजानच्या शेवटच्या दहा रात्री, ज्यांत लैलतुल कद्र शोधायची, त्याच रात्री आपण बाजारात घालवतो आणि त्याच दिवसांत भावही चढलेले असतात. शाबानमध्ये खरेदी उरकली तर पैसाही वाचतो आणि त्या रात्रीही वाचतात. यातली कोणती बचत मोठी, हे सांगण्याची गरज नाही.

प्रवासाचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. माणगाव किंवा रोह्याला येणाऱ्याने ती तारीख वहीत लिहून ठेवली, तर दलालाला जादा पैसे मोजावे लागत नाहीत. विमानाचे तिकीट सुट्टी मंजूर होताच काढावे. शक्य असेल त्याने गर्दीच्या आठवड्याच्या पुढे-मागे निघावे. जे सामान मुंबईत त्याच किमतीत मिळते, ते समुद्रापलीकडून वाहून आणू नये. बाजारात जाण्यापूर्वी घरी यादी करावी आणि यादीबाहेरच्या वस्तूसाठी एक दिवस थांबावे. दोन हजारांची वस्तू बाराशेला मिळाली, तर आठशे रुपये वाचले असे आपण म्हणतो. ती वस्तू मुळात हवीच होती, तर म्हणणे खरे आहे. हवी नव्हती, तर बाराशे रुपये गेले. वाचले काहीच नाही.

दुसऱ्याच्या खिशातून बचत नको

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक वाचलेला रुपया हलाल नसतो. काही बचत स्वतःच्या संयमातून होते आणि काही दुसऱ्याच्या खिशातून. पहिली इबादत आहे, दुसरी खियानत.

एस.टी.चे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि मार्च २०२३ पासून महिलांना अनुक्रमे मोफत व निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत आहे. ती घेण्यात कसलाही संकोच नको; तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाचे वय अकरा सांगून अर्धे तिकीट काढणे हे खोटे बोलणे आहे, आणि तेही त्या मुलाच्या देखत. चाळीस-पन्नास रुपये वाचले, पण लेकराला आपण काय शिकवले? ऑनलाइन मागवलेला कुर्ता ईदला घालून तिसऱ्या दिवशी ‘आवडला नाही’ म्हणून परत करणे, सीमाशुल्क चुकवून सोने आणणे, ओळखीच्या प्रवाशाच्या गळ्यात आतले सामान न सांगता पुडके बांधणे, या सर्व बचती कयामतच्या दिवशी आपल्या विरुद्ध उभ्या राहतील.

घासाघिशीचेही असेच आहे. मोठ्या दुकानात लावलेल्या किमतीपुढे आपण निमूटपणे पैसे मोजतो आणि पाटी घेऊन बसलेल्या कोळणीशी किंवा भाजीवालीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. भाव ठरवणे जाइज आहे. प्रेषित (स.) यांनीही भाव ठरवला आहे, पण तो कसा, ते बुखारी व मुस्लिमच्या रिवायतीत पाहावे. एका मोहिमेवरून परतताना हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट थकला होता. त्यांचे वडील उहुदमध्ये शहीद झाले होते. मागे कर्ज आणि लहान बहिणी होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडे तो उंट विकत मागितला, किंमत ठरली आणि मदीनेपर्यंत त्याच उंटावरून जाण्याची मुभाही दिली. मदीनेत पोहोचल्यावर हजरत बिलाल (रजि.) यांना ठरलेली किंमत तोलून, वर थोडी अधिक देण्यास सांगितले. जाबिर (रजि.) निघाले, तेव्हा त्यांना परत बोलावून उंटही त्यांनाच देऊन टाकला. विकणारा कोणत्या अडचणीत आहे हे ओळखून केलेला हा सौदा होता. विकताना, घेताना आणि येणे मागताना नरमाई दाखवणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे, आणि ती हदीसही याच जाबिर (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आली आहे.

आपण केवळ प्रवासीच नाही, यजमानही आहोत. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे सुट्टीत मुंबई-पुण्याहून माणसे येतात. राजपुरीहून जंजिऱ्याकडे होड्या जातात. पहिल्या आयतीतील तिसरा हक्कदार, वाटसरू, आपल्या दारात उभा आहे. मदीनेत भाव चढले असताना लोकांनी दर ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) दर लादले नाहीत, भाव अल्लाहच्या हाती आहेत असे सांगितले आणि कोणावर अन्याय केल्याचा बोजा न घेता आपल्या पालनकर्त्याला भेटण्याची इच्छा व्यक्त केली. म्हणून हंगामात भाडे वाढले तर ते व्यापाराचे अंग आहे. पण खोलीचे एक वर्णन करून दुसरीच देणे, रात्री अडकलेल्या कुटुंबाकडून मनमानी रक्कम उकळणे, चार पैशांसाठी होडीत मर्यादेपेक्षा अधिक माणसे भरणे, हा व्यापार नाही. पहिल्या दोन्हींत वाटसरूचा हक्क मारला जातो आणि तिसऱ्यात त्याचा जीवही जाऊ शकतो.

हात मानेला बांधू नका

काटकसरीचा उपदेश ऐकून एखादा दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून चौथ्या आयतीत बांधलेला हात आधी आला आहे आणि सैल हात नंतर. सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे लक्षणच असे सांगितले आहे की ते उधळतही नाहीत आणि हातही आखडत नाहीत. या दोन्हींच्या मध्ये ते स्थिर असतात.

अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरजूसाठी आणि आपल्या कुटुंबासाठी खर्चलेल्या दीनारांपैकी कुटुंबावर खर्चलेल्या दीनाराचे पुण्य सर्वांत मोठे आहे, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (सहीह मुस्लिम). वर्षभर घरात राबणाऱ्या पत्नीला आणि लेकरांना दोन दिवस कोठे घेऊन जाणे हा अपव्यय नाही. कुरआन तर जमिनीवर फिरून सृष्टीचा आरंभ कसा झाला ते पाहण्यास सांगतो (सूरह अन्कबूत, आयत २०). फक्त त्या प्रवासात नमाज सुटू नये, छायाचित्रांच्या देखाव्यासाठी ऐपतीबाहेरचे हॉटेल घेऊ नये आणि ज्या आई-वडिलांसाठी सुट्टी घेतली त्यांनाच मागे ठेवून निघू नये.

हज आणि उमऱ्याचा प्रवासही याच मोजमापाने पाहावा. येमेनचे काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवत आणि मक्केत लोकांपुढे हात पसरत. त्यांच्या संदर्भात सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत शिदोरी घेण्याचा आदेश आला, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात. हज ऐपतदारावरच फर्ज आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हाजींची जहाजे जात; त्या काळी कित्येक वर्षे पै-पै जमवून, देणी फेडून, लोकांची माफी मागून माणसे निघत. आज काही तासांत पोहोचता येते, म्हणून नफिल उमऱ्यासाठी उसनवारी करणे आणि परतल्यावर शंभर पाहुण्यांना जेवण घालणे हे त्या प्रवासाच्या आत्म्याशी विसंगत आहे.

वाचलेल्या पैशाचा पत्ता

आता शेवटचा आणि मुख्य प्रश्न. संयमाने जे वाचले त्याचे काय करावे? कुरआनने पत्ते दिले आहेत. सर्वप्रथम कर्ज फेडावे. मग नातेवाईक, मग गरजू, मग वाटसरू. आणि आपल्या वारसांसाठीही ठेवावे, हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) सर्व संपत्ती दान करू इच्छित होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशापेक्षा अधिक देण्यास मनाई केली, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या स्थितीत सोडण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे उत्तम आहे (बुखारी, मुस्लिम).

२०२० हे वर्ष आपण विसरता कामा नये. टाळेबंदीत मशिदी बंद होत्या, २५ मे रोजी ईदची नमाज घरोघरी झाली. ईदची खरेदी टाळून तो पैसा गरजूंना द्यावा असे आवाहन ठिकठिकाणी झाले होते. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले. मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांत वर्षानुवर्षे जपलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. पोफळ पुन्हा लावून तिला सुपारी धरायला कित्येक वर्षे लागतात. परदेशातल्या कित्येकांचे पगारही त्याच महिन्यांत थांबले होते. अशा घडीला ज्या घरात चार पैसे होते त्या घराने आपले छप्परही घातले आणि शेजाऱ्यालाही पत्रे दिले. ज्या घरात नव्हते, तिथे आदल्या वर्षीच्या महागड्या वस्तू कपाटात होत्या. पण त्यांनी पाऊस अडत नव्हता.

म्हणून प्रत्येक घराने एक साधी वही करावी. सणाचा किंवा सुट्टीचा खर्च आधी ठरवावा. प्रत्यक्ष खर्च त्यापेक्षा कमी झाला, तर जेवढे वाचले तेवढ्यापुढे हक्कदाराचे नाव लिहावे : अमुक रक्कम कर्जाच्या परतफेडीला, अमुक आत्याच्या औषधाला, अमुक जमातीच्या बैतुलमालला, अमुक अडीअडचणीसाठी शिल्लक. नाव लिहिलेला पैसा पुन्हा बाजारात जात नाही. मुलांनाही ही वही दाखवावी. काटकसर म्हणजे वंचित राहणे नव्हे, काटकसर म्हणजे कोणाचा तरी हक्क पोहोचवणे, हे त्यांना त्यातून कळेल.

बंधूंनो आणि भगिनींनो! तिरमिजीच्या एका हदीसचा आशय असा की कयामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय माणसाचे पाय जागचे हलणार नाहीत. त्यांत संपत्तीविषयी दोन प्रश्न आहेत : कोठून कमावली आणि कोठे खर्च केली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी वाळवंटातल्या उन्हात, समुद्राच्या लाटांवर, भाताच्या चिखलात घाम गाळून तयार ठेवले आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची तयारी मात्र बाजारात आणि प्रवासात होते, रोज, थोडी थोडी.

हे अल्लाह! आमच्या कमाईत बरकत दे आणि आमच्या खर्चाला योग्य जागा दाखव. जे घरापासून दूर राबत आहेत त्यांना सुखरूप आपल्या माणसांत आण. कर्जदारांचे ओझे उतरव. आमच्या हातांना कृपणतेपासून आणि उधळपट्टीपासून वाचव आणि ज्यांचे हक्क आमच्याकडे राहिले आहेत, ते मृत्यूपूर्वी पोहोचवण्याची तौफीक दे. आमीन.